अग्निवीर भरतीला उतरण्यापूर्वी: अर्जापासून चौथ्या वर्षापर्यंत

"लष्करात एवढ्या जागा रिकाम्या आहेत म्हणतात, मग आमचा पोरगा दोनदा मैदानावरून परत का आला?" भरती निघाली की हा प्रश्न घेऊन एखादे तरी पालक माझ्याकडे येतातच. मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मुलांचे अर्ज भरून देतो आणि पहाटे घड्याळ हातात धरून मैदानाच्या कडेला उभा राहतो. निवड करण्याचा किंवा करवून देण्याचा मला कोणताही अधिकार नाही, आणि तो कोणत्याही खासगी माणसाला नसतो. पहिल्यांदाच भरतीला उतरणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या घरच्यांनी कोणत्या क्रमाने काय करावे, एवढेच येथे सांगतो.

पहिली पायरी: जागांचे गणित समजून घ्या

भूदलाने २०१८-१९ मध्ये ५३,४३१ आणि २०१९-२० मध्ये ८०,५७२ जवान भरती केले. त्यानंतर करोनामुळे सलग दोन वर्षे एकही भरती झाली नाही, पण निवृत्त होणारे जवान मात्र ठरल्या तारखेला घरी येतच राहिले. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली (तिच्यातून भरती होणारा जवान म्हणजे अग्निवीर) आणि पहिल्या वर्षी तिन्ही दलांसाठी मिळून ४६,००० जागा ठरल्या, त्यांपैकी ४०,००० भूदलाच्या होत्या. जाणारे जास्त आणि येणारे कमी, असे काही वर्षे चालल्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे आलेल्या माहितीनुसार १ ऑक्टोबर २०२४ रोजी जवान आणि कनिष्ठ अधिकारी मिळून ११,९७,५२० पदे मंजूर होती आणि प्रत्यक्षात ११,०५,११० जण सेवेत होते, म्हणजे ९२,४१० जागा रिकाम्या होत्या. अधिकाऱ्यांची तूट टक्केवारीत याहून मोठी, सुमारे १६.७ टक्के होती.

हे आकडे वाचून भरती सोपी झाली असेल असे वाटणे साहजिक आहे, पण तसे होत नाही. रिकाम्या जागा एका वर्षात भरल्या जात नाहीत. दरवर्षी किती मुले घ्यायची हे ठरवताना प्रशिक्षण केंद्रांत किती जणांची सोय होऊ शकते हेही पाहावे लागते, आणि त्या जागा राज्याराज्यांतल्या भरतीयोग्य वयाच्या पुरुषांच्या संख्येप्रमाणे वाटल्या जातात. म्हणून तुमची स्पर्धा देशाच्या तुटीशी नसून तुमच्याच भरती कार्यालयाच्या हद्दीतल्या मुलांशी असते. साताऱ्याचे अपशिंगे मिलिटरी किंवा शिरोळ तालुक्यातले सैनिक टाकळी अशी गावे ज्या पट्ट्यात आहेत, जिथे आजोबांचा फोटोही गणवेशातलाच असतो, तिथे लष्करात कितीही तूट असली तरी मेरिट खाली येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

ज्यांची मुले अजून दहावीत आहेत त्यांना एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. तूट अधिकाऱ्यांची जास्त आहे आणि तिकडे जाण्याचा रस्ता मात्र आपल्याकडे फार थोडी घरे विचारात घेतात. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था राज्य शासनाने १९७७ मध्ये सुरू केली असून ती दहावीनंतरच्या मुलांची एनडीएसाठी, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, तयारी करून घेते, आणि मुलींसाठी अशीच संस्था आता नाशिकला आहे. गणित बरे असलेल्या मुलाने आधी तिकडची परीक्षा द्यावी. ती नाही जमली तर अग्निवीरचे वय हातून गेलेले नसते.

दुसरी पायरी: चार वर्षांचा करार कागदावर मांडा

पूर्वीचा शिपाई साधारण पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून पेन्शन घेऊन परत येत असे आणि घरच्यांच्या मनात भरती म्हटले की अजून तेच चित्र असते. अग्निवीर ही चार वर्षांची नेमणूक आहे आणि प्रशिक्षणाचा काळ या चार वर्षांतच धरला जातो. चार वर्षांनंतर त्या तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना नियमित सेवेत घेतले जाते आणि त्यांना पुढे किमान १५ वर्षे नोकरी करावी लागते. उरलेले घरी येतात. त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. जे नियमित होतात त्यांचीही पहिली चार वर्षे पेन्शनसाठी मोजली जात नाहीत.

पैशाचा हिशेब असा आहे. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये ठरलेले आहेत, पण त्यातले ३० टक्के म्हणजे ९,००० रुपये सेवा निधीत, म्हणजे चार वर्षांनंतर एकरकमी मिळणाऱ्या रकमेत, कापले जातात आणि हातात २१,००० येतात. दुसऱ्या वर्षी ३३,००० पैकी २३,१००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० पैकी २५,५५० आणि चौथ्या वर्षी ४०,००० पैकी २८,००० हातात पडतात. ड्यूटी कुठे आहे त्यानुसार जोखमीचे आणि कष्टाचे भत्ते वेगळे मिळतात. चार वर्षांत तुमच्या पगारातून ५.०२ लाख कापले जातात, सरकार तेवढेच घालते आणि व्याज धरून योजना जाहीर करताना ११.७१ लाखांचा आकडा दिला गेला. या रकमेवर प्राप्तिकर लागत नाही. विमा ४८ लाखांचा असून त्याचा हप्ता जवानाला भरावा लागत नाही. कर्तव्यावर मृत्यू आल्यास त्याशिवाय ४४ लाखांचे सानुग्रह साहाय्य मिळते.

मी प्रत्येक मुलाला वहीच्या एका पानावर हे आकडे स्वतःच्या हाताने लिहायला लावतो आणि खाली आणखी दोन ओळी लिहून घेतो. पहिली ओळ अशी की, स्वतःच्या इच्छेने मध्येच नोकरी सोडता येत नाही. अपवाद म्हणून परवानगी मिळालीच तर सेवा निधीतला तुमचा वाटा आणि त्यावरचे व्याज मिळते, सरकारचा वाटा मिळत नाही. दुसरी ओळ अशी की, भरतीला अविवाहितच लागतो आणि चार वर्षांत लग्न करता येत नाही. ही दुसरी ओळ मुलापेक्षा त्याच्या आजीने वाचणे जास्त गरजेचे असते.

या योजनेत माणूस टिकवून ठेवण्यासाठीचे आमिष कुठे आहे हेही ओळखून ठेवा. बाकीच्या नोकऱ्यांत बोनस किंवा बढती दाखवून माणसे थांबवतात, तर येथे नियमित सेवेची जागा हेच बक्षीस आहे आणि ते चारांतल्या एकालाच आहे. त्यामुळे चार वर्षे प्रत्येकाचे गुण मोजले जातात. शेजारच्या खाटेवरचा सोबती हाच प्रतिस्पर्धी असतो, आणि हे मनाला जड जाते असे सुट्टीवर आलेली मुले सांगतात. सेवा निधी हे थांबण्याचे बक्षीस नसून जाण्याची शिदोरी आहे, असे समजून घरच्यांनी त्याचे नियोजन करावे.

तिसरी पायरी: कोणत्या पदासाठी उतरायचे ते ठरवा

जनरल ड्यूटी, म्हणजे मुलांच्या बोलीतले जीडी, यासाठी दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के लागतात. टेक्निकलसाठी बारावी विज्ञान शाखेतून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि इंग्रजी घेऊन एकूण ५० आणि प्रत्येक विषयात ४० टक्के लागतात; आयटीआय केलेल्यांसाठीही यात वाट आहे. क्लार्क आणि स्टोअरकीपर या पदासाठी बारावी कोणत्याही शाखेतून चालते, पण एकूण ६० आणि प्रत्येक विषयात ५० टक्के हवेत. ट्रेड्समनमध्ये, म्हणजे स्वयंपाकी, धोबी अशा पदांत, काही कामांना आठवी आणि काहींना दहावी पुरते. अलीकडच्या अधिसूचनेत एका उमेदवाराला दोन पदांसाठी अर्ज करता येतो, ती सोय सोडू नका.

उंचीचे माप महाराष्ट्रातल्या मुलांना जीडी आणि ट्रेड्समनसाठी १६८ सेंटिमीटर, टेक्निकलसाठी १६७ आणि क्लार्कसाठी १६२ आहे. छाती ७७ सेंटिमीटर आणि फुगवून ५ सेंटिमीटर वाढली पाहिजे. जवानाच्या किंवा माजी सैनिकाच्या मुलाला उंचीत २ सेंटिमीटरची सवलत मिळते. माप औषधाच्या दुकानाच्या वजनकाट्यावर किंवा शाळेच्या भिंतीवर घेऊ नका. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, असे दोन्ही वेळा अनवाणी मोजा, कारण दिवसभराच्या धावपळीनंतर उंची थोडी कमी भरते आणि काठावरचा मुलगा त्या थोड्यानेच जातो. १६४ वर थांबलेल्या मुलाने जीडीच्या मागे दोन वर्षे घालवण्यापेक्षा नौदलाकडे किंवा हवाई दलाकडे पाहावे. नौदलात किमान उंची १५७ आणि हवाई दलात १५२ सेंटिमीटर आहे. तिकडे लेखी परीक्षा मात्र जास्त कस पाहते.

मुलींसाठी भूदलात लष्करी पोलिसांतले अग्निवीर पद आहे. तिथे उंची १६२ सेंटिमीटर लागते आणि धावण्याची वेळ व उड्यांचे निकष वेगळे असतात.

वयाची मर्यादा योजनेत मुळात साडेसतरा ते २१ वर्षे अशी होती आणि २०२२ मध्ये एकदाच ती २३ पर्यंत वाढवली होती. प्रत्येक अधिसूचनेत जन्मतारखेची "या दिवसापासून या दिवसापर्यंत" अशी मर्यादा छापलेली असते. मित्राने सांगितलेल्या वयावर विसंबू नका, ती ओळ स्वतः वाचा.

चौथी पायरी: कागद जुळवा, आणि ते आजपासून जुळवा

माझ्या अनुभवात मैदानाआधीच बाद होणारी मुले बहुतेक वेळा नावाच्या फरकाने अडकतात. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव छापलेले असते. आधार कार्डावर नाव आधी आणि आडनाव शेवटी असते. क्रमाचा हा फरक समजावून सांगता येतो. खरी अडचण अक्षरांची असते. गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव "दत्तात्रय" आणि आधारवर "दत्तू", आईचे नाव एकीकडे "सुनीता" आणि दुसरीकडे "सुनिता", जन्मतारखेत एका दिवसाचा फरक, गावाच्या नावापुढे "बुद्रुक" एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, अशा गोष्टी आयत्या वेळी दुरुस्त होत नाहीत. दहावीचे प्रमाणपत्र हा मूळ कागद धरा आणि बाकी सगळे त्याच्याशी जुळवून घ्या. आधारची दुरुस्ती आधार केंद्रावर होते, तर मंडळाच्या गुणपत्रिकेतली दुरुस्ती शाळेमार्फत करावी लागते आणि तिला महिने लागतात. आधारला स्वतःचाच मोबाइल क्रमांक जोडलेला असावा, कारण नोंदणीच्या वेळी त्यावर ओटीपी येतो आणि काकांचा फोन त्या वेळी शेतात असतो.

नोंदणी 'जॉइन इंडियन आर्मी' या लष्कराच्या अधिकृत संकेतस्थळावर होते. महाराष्ट्रात पुणे, कोल्हापूर, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे लष्कराची भरती कार्यालये आहेत, आणि गोव्याचे उमेदवार कोल्हापूर कार्यालयाच्या हद्दीत येतात. तुमचा जिल्हा कोणत्या कार्यालयाखाली आहे ते अधिसूचनेत पाहा, कारण रॅली, म्हणजे मैदानावरची भरती, त्याच कार्यालयाची लागते. अर्ज भरताना निम्मी मुले सायबर कॅफेवाल्याचा ईमेल देतात आणि प्रवेशपत्र त्याच्याकडेच राहते. ईमेल स्वतःचा काढा, पासवर्ड वहीत लिहा आणि भरलेल्या अर्जाची छापील प्रत ठेवा.

रॅलीच्या दिवशी लागणाऱ्या कागदांत दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रे, तहसीलदारांच्या सहीचा रहिवासी दाखला, जातीचा दाखला, शाळेचा चारित्र्याचा दाखला, सरपंच किंवा पोलिसपाटील स्तरावरचा आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, अधिसूचनेत दिलेल्या नमुन्यातले प्रतिज्ञापत्र आणि नव्याने काढलेले पासपोर्ट आकाराचे फोटो येतात. तहसीलचे दाखले सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून निघतात आणि त्यांना पंधरा दिवस सहज लागतात, म्हणून ते परीक्षेच्या निकालाआधीच काढून ठेवा. उलट सरपंचांचा चारित्र्याचा आणि अविवाहिताचा दाखला सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही, म्हणून तो फार आधी काढू नका. दाखल्यावर सहीखाली नाव आणि शिक्का आहे का ते तिथेच उभे राहून पाहा. फोटो मोबाइलच्या अॅपने गोरा केलेला नको. एनसीसीचे प्रमाणपत्र असेल तर त्याचे वाढीव गुण मिळतात, आणि वडील फौजेत असतील तर त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसचा नातेसंबंधाचा दाखला लागतो. तो टपालाने मागवावा लागत असल्याने सगळ्यांत आधी त्याचे पत्र टाका.

पाचवी पायरी: लेखी परीक्षा

२०२३ पासून क्रम उलटा झाला आहे. आधी संगणकावरची सामाईक प्रवेश परीक्षा आणि त्यात निवडले गेलेल्यांनाच मैदानाचे बोलावणे. २०२५ च्या भरतीत ही परीक्षा १३ भाषांत होती आणि त्यांत मराठीही होती. उमेदवाराला भरावे लागणारे शुल्क २५० रुपये होते. जीडीसाठी सामान्य ज्ञान, सामान्य विज्ञान, गणित आणि बुद्धिमत्ता असे विषय असतात. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांतले पाव गुण वजा होतात, म्हणून चारांतले दोन पर्याय खात्रीने खोडता आले तरच उत्तर द्या. क्लार्क पदासाठी टंकलेखनाची चाचणीही असते. गणितात शेकडेवारी, सरासरी, काळ-काम-वेग आणि व्याज एवढे पक्के केले तर बराच पेपर हातात येतो. रोज दोन तास, तीन महिने, आणि शनिवारी घड्याळ लावून एक पूर्ण पेपर, याहून वेगळी युक्ती मला माहीत नाही.

सहावी पायरी: मैदान

लेखी परीक्षेचे गुण आणि मैदानाचे गुण मिळून मेरिट लागते, म्हणून मैदानावर नुसते पास होणे जीडीच्या उमेदवाराला पुरत नाही. सोळाशे मीटर ५ मिनिटे ३० सेकंदांत पूर्ण केल्यास ६० गुण मिळतात आणि ५:४५ पर्यंत ४८. २०२५ च्या अधिसूचनेत आणखी दोन गट होते, ६:०० पर्यंत ३६ आणि ६:१५ पर्यंत २४. बीमचे १० पुलअप्स मारले तर ४० गुण, ९ ला ३३, ८ ला २७, ७ ला २१ आणि ६ ला १६. नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे आणि वाकड्यातिकड्या फळीवरून तोल सांभाळत जाणे यांना गुण नाहीत, पण जमले नाही तर बाहेर.

साडेपाच मिनिटांचे चार भाग केले तर चारशे मीटरच्या एका फेरीला साडेब्याऐंशी सेकंद येतात. हा आकडा लक्षात ठेवा. नवी मुले शिट्टी वाजताच सुटतात, पहिली फेरी सत्तर सेकंदांत काढतात, तिसऱ्या फेरीत खांदे कानापर्यंत येतात आणि चौथीत चालायला लागतात. मी मुलांना पहिले आठ आठवडे पूर्ण सोळाशे पळूच देत नाही. आठवड्यातून तीन दिवस सावकाश पाच-सहा किलोमीटर, दोन दिवस चारशेच्या फेऱ्या. सुरुवात नव्वद सेकंदांच्या चार फेऱ्यांनी आणि मध्ये दोन मिनिटे चालणे. दर पंधरा दिवसांनी सेकंद कमी करायचे, फेऱ्या वाढवायच्या. सहा फेऱ्या ऐंशी-ब्याऐंशीत बसायला लागल्या की मग पूर्ण सोळाशेची वेळ घ्यायची. डांबरी रस्त्यावर रोज पळू नका, नडगी धरते आणि मग महिना वाया जातो. शेताच्या कडेचा मऊ रस्ता किंवा शाळेचे मैदान बरे. रॅलीत मोठी बॅच एकदम सुटते आणि पहिल्या वळणावर कोपर लागून मुले पडतात, म्हणून सरावाच्या वेळीही दहा-पंधरा जणांच्या घोळक्यात सुटायची सवय करा.

बीमला हात पूर्ण सरळ झाले पाहिजेत आणि हनुवटी दांड्याच्या वर गेली पाहिजे, झोका घेतलेला मोजत नाहीत. ज्याला एकही निघत नाही त्याने आधी दांड्याला नुसते लोंबकळावे, मग स्टुलावरून वर जाऊन सावकाश खाली यावे. तीन महिन्यांत सहा-सात निघतात. खड्ड्याची उडी कोरड्या जमिनीवर आखून दहा फुटांची करा, म्हणजे नऊ फुटांचा धसका राहत नाही.

बऱ्याच ठिकाणी मुलांना मध्यरात्रीनंतर आत घेतात आणि पळणे पहाटे होते. आदल्या रात्री एसटी स्टँडवर जागून आलेला मुलगा घरच्या मैदानावरची वेळ तिथे काढू शकत नाही. एक दिवस आधी पोहोचा, तेलकट खाऊ नका आणि ओळखीच्या बुटांतच पळा. ताकद येण्याचे म्हणून कोणी इंजेक्शन किंवा गोळी देऊ केली तर ती घेऊ नका. छातीत दुखून मुले कोसळल्याच्या गोष्टी मैदानावर सगळ्यांना ठाऊक असतात. सध्या रॅलीत स्वभाव आणि जुळवून घेण्याची तयारी तपासणारी एक चाचणी मोबाइलवर घेतली जाते, म्हणून फोन पूर्ण चार्ज आणि डेटा भरलेला ठेवा. त्यातल्या प्रश्नांना पाठ केलेली उत्तरे देऊ नयेत.

सातवी पायरी: मेडिकल

मैदान मारलेला मुलगा मेडिकलमध्ये अनफिट पडला की घरात सुतक पाळल्यासारखे वातावरण होते, आणि बऱ्याचदा ते कारण सहा महिने आधी कळण्यासारखे असते. सरळ उभे राहून दोन्ही गुडघे चिकटवल्यावर घोटे एकमेकांपासून लांब राहतात का, ओल्या पायाचा ठसा फरशीवर पूर्ण उमटतो का, हात सरळ केल्यावर कोपर बाहेरच्या बाजूला जास्त वळते का, हे घरी पाहता येते. मूळव्याध, हायड्रोसिल, अंडकोशाच्या फुगलेल्या शिरा, नाकाचे वाकडे हाड, किडलेले दात आणि कानातला मळ यांसाठी एकदा सरकारी रुग्णालयात दाखवा. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार होतात, पण शस्त्रक्रियेनंतर जखम पूर्ण भरायला वेळ लागतो. कानात स्वतः काडी घालू नका, पडद्याला इजा झाली तर मळ परवडला म्हणायची वेळ येते. नजर आणि रंग ओळखण्याची क्षमता नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्या.

गोंदवलेले नाव हाताच्या आतल्या बाजूस, कोपरापासून मनगटापर्यंत, किंवा तळहाताच्या पाठीवर असेल तर चालते. दंडावरचे, मानेवरचे आणि छातीवरचे चालत नाही. आदिवासी समाजांना त्यांच्या परंपरेनुसार सूट आहे. जत्रेत दंडावर नाव काढून घेतलेली मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांची समजूत कशी घालायची हे मला अजून कळलेले नाही.

रॅलीत अनफिट ठरवले तर कारण लेखी मिळते आणि फेरतपासणीसाठी लष्करी रुग्णालयाचे नाव व मुदत दिली जाते. ती मुदत चुकवू नका.

अकॅडमी आणि दलाल

काही वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याला आम्ही एका निवासी अकॅडमीत घातले होते. सहा महिन्यांचे पैसे आधी घेतले, मूळ गुणपत्रिका "जमा" करून घेतल्या, आणि तो मध्येच आजारी पडून घरी आला तेव्हा त्या परत मिळवायला आम्हाला पाच हेलपाटे घालावे लागले. त्यामुळे माझा नियम साधा आहे: मूळ कागद कोणाच्याही ताब्यात द्यायचे नाहीत, पैसे महिन्याचे महिन्याला द्यायचे आणि पावती घ्यायची. अकॅडमी शिस्त लावते, सोबत देते, एवढे खरे. "आत ओळख आहे, मेडिकल पाहून घेतो" असे म्हणणारा माणूस शंभर मुलांकडून पैसे घेतो, त्यांतली जी स्वतःच्या बळावर लागतात त्यांचे पैसे ठेवतो आणि बाकीच्यांना पुढची तारीख देतो.

आठवी पायरी: निवडीनंतर

मेरिटमध्ये नाव आले की प्रशिक्षण केंद्राचे बोलावणे येते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, गार्ड्सचे कामठीला, तोफखान्याचे नाशिक रोडला आणि बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे खडकीला आहे; रणगाडा दल आणि यांत्रिक पायदळाची केंद्रे अहिल्यानगरला आहेत. पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण ३१ आठवड्यांचे होते, त्यांपैकी दहा आठवडे मूलभूत आणि एकवीस आठवडे पुढचे. वर्षाला ३० दिवस सुट्टी मिळते. घरच्यांनी पहिल्या दोन महिन्यांत रोज फोनची अपेक्षा करू नये.

चार वर्षांच्या मध्यावर मुलाने दोन्ही शक्यतांची तयारी सुरू करावी. नियमित सेवेसाठी अर्ज करावा लागतो आणि निवड चार वर्षांतल्या कामगिरीवर होते. त्यात शारीरिक चाचण्या, गोळीबार, कामाचे कसब आणि वागणूक सगळे येते. त्याच वेळी दहावीवर गेलेल्या मुलाने राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची बारावी पुरी करावी, बारावी झालेल्याने इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या पदवीची सोय वापरावी आणि कौशल्याचे प्रमाणपत्र हातात घेऊनच बाहेर पडावे. वाहनचालकाचे काम केले असेल तर जड वाहनाचा परवाना नावावर असावा.

बाहेर पडणाऱ्यांसाठी केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये, तसेच तटरक्षक दलात आणि संरक्षण खात्याच्या नागरी पदांत १० टक्के राखीव जागा २०२२ मध्ये जाहीर झाल्या. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या सुरुवातीला पूर्ण होतात, त्यामुळे यांतले प्रत्यक्षात किती पदरात पडते ते त्या मुलांकडूनच कळेल; तोवर त्या एकाच आशेवर घर बांधायला काढू नका. महाराष्ट्र पोलिस भरतीचे वय खुल्या प्रवर्गात २८ पर्यंत आणि मागास प्रवर्गांत ३३ पर्यंत आहे, आणि तिथेही सोळाशे मीटर पळावेच लागते. अठराव्या वर्षी अग्निवीर झालेला मुलगा बाविसाव्या वर्षी परत येतो आणि खुल्या प्रवर्गात असला तरी त्याच्यापुढे सहा वर्षे असतात. एकविसाव्या वर्षी गेलेला पंचविसाव्या वर्षी परत येतो आणि त्याच्यापुढे तीनच उरतात. त्याच वहीच्या पानावर, पगाराच्या आकड्यांखाली, ही वजाबाकीही अर्ज भरण्याच्या दिवशीच लिहून ठेवा.